त्या मधु लिमये बाई

भाची लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेच्या आधी तिचा फोन येतो तो आठवण आली म्हणून नाही, जेवताना कुणीतरी समोर बोलायला हवं म्हणून. त्या रात्री पोळीचा घास तोंडात ठेवूनच तिनं विचारलं, "मावशी, या मधु लिमये बाई सारख्या अटक का व्हायच्या गं?"

मी आधी हसले. मग हसता हसता मला थोडं वाईट वाटलं, आणि मग परत हसू आलं. तिचा तरी काय दोष? तिच्या फौजदारी प्रक्रियेच्या पुस्तकात हे नाव तीन वेळा येतं. एकदा अटकेच्या प्रकरणात, एकदा जमावबंदीच्या, एकदा उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांच्या. फोटो नाही, जन्मसाल नाही, 'श्री' नाही. तीन वेळा अटक किंवा खटल्याच्या फेऱ्यात सापडलेली, मधु नावाची कुणीतरी. तिनं मनाशी एक तापट समाजसेविका उभी केली होती, खादीच्या साडीतली.

"बाई नाहीत गं. खासदार होते. पुण्याचे."

"पुण्याचे खासदार?"

"नाही. पुण्याचे होते, पण खासदार बिहारचे."

पलीकडे शांतता. मग, "थांब, पोळी संपवते. मग नीट सांग."

नीट सांगायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची, हा माझाच प्रश्न होता. आमच्या घरात हे नाव मी लहानपणापासून ऐकलं, पण ते नेहमी भांडणाच्या आवाजात. वडील शाळामास्तर आणि राष्ट्र सेवा दलाचे. समाजवादी नेते एस.एम. जोशी यांचं नाव निघालं की त्यांचा आवाज खाली यायचा, देवाचं नाव घेतल्यासारखा. मधु लिमये म्हटलं की वर जायचा. कौतुकानंही आणि रागानंही. त्या दोन आवाजांचा अर्थ लावण्यात माझी काही वर्षं गेली आणि अजून तो पुरता लागलाय असं नाही.

माणूस १ मे १९२२चा, जन्म पुण्यात. इतका हुशार की वर्गांमागून वर्ग ओलांडत १९३७ साली, पंधराव्या वर्षी, फर्ग्युसन कॉलेजात. तिथून एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्या सहवासात काँग्रेस समाजवादी पक्ष. १९४०मध्ये युद्धविरोधी प्रचारासाठी पहिली अटक, धुळ्याचा तुरुंग. बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगत. सप्टेंबर १९४३मध्ये एस.एम.बरोबर पकडले गेले ते थेट १९४५च्या जुलैपर्यंत आत: वरळी, येरवडा, विसापूर. तेविसाव्या वर्षापर्यंत कॉलेजपेक्षा तुरुंगाची हजेरी जास्त भरली असावी. त्या पिढीतल्या पुष्कळांची ही गोष्ट आहे, म्हणून मी ती भाचीला भराभर सांगून टाकली. तिलाही त्यात रस नव्हता. तिला लखीसराय हवं होतं.

लखीसराय हे बिहारमधलं रेल्वे स्टेशन, मुंगेरजवळचं. ६ नोव्हेंबर १९६८ला तिथं मधु लिमये आणि त्यांच्या साथीदारांना पोलिसांनी पकडलं. ते तेव्हा मुंगेरचेच खासदार. कशासाठी पकडता, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की जामीनपात्र कलमांखाली. कुठली कलमं? ते नाही सांगितलं. आता, घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिलंय की अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत. बाकी कुणी असता तर घोषणा दिल्या असत्या, उपोषण केलं असतं. यांनी त्याच दिवशी कागद घेतला आणि थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पत्र म्हणजेच याचिका. न्यायालयानं ती चालवली आणि डिसेंबरमध्ये निकाल दिला: कारणं सांगितली नाहीत, अटक बेकायदा; मॅजिस्ट्रेटनं नंतर कोठडीचा हुकूम दिला म्हणून मुळातली चूक धुतली जात नाही; सोडून द्या.

"पण हे आम्हाला एका ओळीत शिकवतात," भाची म्हणाली. "स्टेशन वगैरे नाही सांगत."

एका ओळीत मावणार नाही असं त्यात एक आहे, ते मला खूप उशिरा कळलं. 'जामीनपात्र आहे, मग कशाला एवढं?' हे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांना पटलं असतं. दोन दिवसांत सुटका होणार, मग कारण कळलं काय नि न कळलं काय! याच ठिकाणी हा माणूस अडून बसायचा. नियम लिहिलेला आहे ना, मग पाळा. ही पेठेतली खोड म्हणा हवं तर. दुकानाच्या पाटीवर 'एक ते चार बंद' लिहिलंय तर एक वाजून एक मिनिटांनी दार वाजवायचं नाही, पण चार वाजून एक मिनिटांनी उघडलं नाही तर जाब विचारायचा. फरक इतकाच की लिमयांनी ती खोड सरकारला लावली.

पुण्याचा माणूस मुंगेरला कसा, याचं उत्तर त्या काळच्या समाजवाद्यांच्या रीतीत आहे. आज मतदारसंघ म्हणजे वडिलोपार्जित शेत. तेव्हा पक्ष सांगेल तिथं जाऊन उभं राहायचं. १९५७मध्ये समाजवादी नेते अशोक मेहता मुजफ्फरपूरहून निवडून आले होते, सिंधमध्ये जन्मलेले आचार्य कृपलानी सीतामढीहून. बिहारनं बाहेरच्या माणसांना जितक्या सहज लोकसभेत पाठवलं तितकं महाराष्ट्रानं कुणाला पाठवलंय, याचा हिशेब आपण मराठी माणसांनी एकदा करायला हरकत नाही. लिमये १९६४च्या पोटनिवडणुकीत मुंगेरहून निवडून आले, १९६७मध्ये पुन्हा. १९७१च्या लाटेत हरले. १९७३मध्ये शेजारच्या बांकाहून पोटनिवडणूक जिंकले, १९७७मध्ये परत बांका. चार वेळा लोकसभा, आणि त्यातली एकही महाराष्ट्रातून नाही. त्यांच्या संयुक्त समाजवादी पक्षाची, म्हणजे संसोपाची, घोषणा होती, 'संसोपा ने बांधी गाँठ, पिछड़े पावें सौ में साठ'. ती घेऊन मतं मागणारा उमेदवार कोकणस्थ ब्राह्मण. हे आज सांगितलं तर लोक माझ्याकडे संशयानं बघतात.

आता लोकसभा. जुनी कामकाजाची कागदपत्रं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत हे मला निवृत्तीनंतर कळलं आणि माझ्या दुपारी तिथं जायला लागल्या. इंग्रजी मजकुराचा करडा ठोकळा चाललेला असतो, आणि मधेच देवनागरीचा एक पट्टा येतो: 'श्री मधु लिमये'. इंग्रजी उत्तम येत असूनही ते सभागृहात हिंदीत बोलत. तो समाजवादी नेते राममनोहर लोहिया यांच्या पक्षाचा आग्रहच होता. आणि ते काय बोलत? भाषण क्वचित. बहुतेक वेळा व्यवस्थेचा प्रश्न, म्हणजे पॉइंट ऑफ ऑर्डर. हा कागद पटलावर का ठेवला नाही? मंत्र्यांनी परवा एक सांगितलं, आज दुसरं सांगताहेत, हा हक्कभंग नाही का? ही मागणी या नियमाखाली येत नसेल तर कुठल्या नियमाखाली येते ते सांगा. त्यांच्या पट्ट्यानंतर बहुतेकदा कंसात एकच शब्द छापलेला: व्यवधान. म्हणजे गोंधळ.

हे सगळं वाचताना कंटाळा येतो हे मी कबूल करते. पण थोडा धीर धरला तर त्यातली गंमत कळायला लागते. १९६७च्या लोकसभेत ५२०च्या सभागृहात त्यांच्या संयुक्त समाजवादी पक्षाचे तेवीस. लिमये त्यांचे गटनेते. तेवीस जणांनी मतदानाला उभं राहून काय होणार? सरकार पडणार नाही, विधेयक अडणार नाही. पण नियमपुस्तक तेवीस जणांना आणि पावणेतीनशे जणांना सारखंच लागू असतं. प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्र्याला उभं राहावंच लागतं. उत्तर दिलं की त्यावर उपप्रश्न येतो, आणि उपप्रश्नाला सचिवानं लिहून दिलेला कागद पुरत नाही. लिमये हातात फायलींचा गठ्ठा घेऊन आत आले की सत्ताधारी बाकांवर चुळबुळ सुरू व्हायची, असं त्या काळचे पत्रकार सांगत. पोलादाच्या व्यवहारातलं अमीनचंद प्यारेलाल प्रकरण असो, की १९७४चं ते परवान्याचं प्रकरण, ज्यात एकवीस खासदारांच्या सह्या असलेल्या अर्जावर त्यातल्या बहुतेक सह्या खोट्या निघाल्या. मोठा आवाज करून ही प्रकरणं पुढे सरकली नाहीत. तारीख, पत्रक्रमांक, आधीचं उत्तर आणि आताचं उत्तर यांच्यातला फरक, अशा चिमट्यांनी ती ओढली गेली.

मी बँकेत ऑडिटला अकरा वर्षं होते. एक व्हाउचर सापडत नाही म्हणून अख्खा दिवस घालवणारा आमचा एक साहेब होता. सगळे त्याला नावं ठेवायचे. व्हाउचर सापडलं की मात्र शाखाधिकाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. लिमयांची भाषणं वाचताना मला तो साहेब आठवतो. त्याला शिव्या देणाऱ्यांत मी पुढे होते, हेही आठवतं.

"म्हणजे हे लोकसभेतले वकील," भाचीनं निष्कर्ष काढला.

अर्धा बरोबर. कारण उरलेला अर्धा माणूस पक्ष चालवत होता, आणि तिथं गोष्ट इतकी सरळ नाही.

संघटक म्हणून त्यांची कारकीर्द खासदारकीच्या कितीतरी आधी सुरू होते. १९४७मध्ये पंचविसाव्या वर्षी अँटवर्पच्या समाजवादी परिषदेला भारताचे एकटे प्रतिनिधी. १९४८मध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली, तेव्हा राष्ट्रीय कार्यकारिणीवर. १९४९ला पाटण्यात पक्षाचे सहचिटणीस. प्रजासमाजवादी पक्ष झाल्यावर १९५३मध्ये तिथंही सहचिटणीस. ही पदं ऐकायला भारदस्त वाटतात. प्रत्यक्षात तिसऱ्या वर्गाचा डबा, शाखांना पोस्टकार्डं, वर्गणीची थकबाकी, ठराव, ठरावाला दुरुस्ती, आणि दुरुस्तीला उपसूचना. माझ्या वडिलांकडे पक्षवर्गणीच्या पावत्यांचा एक डबा होता, बिस्किटांचा. महिन्याला काही आणे. त्या पावत्या त्यांनी इतक्या जपल्या की आईला वाटायचं त्यांचे कधीतरी पैसे परत मिळणार आहेत.

समाजवाद्यांबद्दलचा जुना विनोद आहे: दोन वर्षं एकत्र राहू शकत नाहीत आणि चार वर्षं वेगळे राहू शकत नाहीत. आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, विनोद तोच राहतो. आणि यातल्या निदान एका फुटीच्या मुळाशी लिमये होते. १९५५च्या सुरुवातीला काँग्रेसनं मद्रासजवळच्या आवडी गावी समाजवादी समाजरचनेचा ठराव केला आणि अशोक मेहतांना त्यात सहकार्याची शक्यता दिसली. लिमयांनी उघडपणे टीका केली. मुंबईच्या प्रजासमाजवादी शाखेनं त्यांना निलंबित केलं. लोहिया त्यांच्या बाजूनं उभे राहिले, वाद पेटला, आणि १९५५ संपता संपता हैदराबादला लोहियांचा वेगळा समाजवादी पक्ष उभा राहिला.

गंमत, किंवा जे काही म्हणायचं ते, हे की ज्यांच्या निलंबनावरून हे सुरू झालं ते तेव्हा हैदराबादला नव्हतेच. ते गोव्यात पोर्तुगीजांच्या कोठडीत होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन हद्द ओलांडून गेले. जुलैच्या अखेरीस लिमये गेले. पोर्तुगीज पोलिसांनी बेदम मारलं. पाच महिने कोठडी. डिसेंबरात लष्करी न्यायालयानं बारा वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. त्यांनी बचाव केला नाही, अपीलही केलं नाही.

इथं मी नेहमी थांबते. लखीसरायला कारण सांगितलं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिणारा हा माणूस, बारा वर्षांच्या शिक्षेवर एक ओळही लिहीत नाही. मला आधी हे विसंगत वाटायचं. आता वाटतं, त्याच्या लेखी ते न्यायालयच नव्हतं. जे कायदे आपले आहेत त्यांच्याशी भांडायचं, अगदी स्वल्पविरामावरून भांडायचं. जे आपले नाहीत त्यांच्यापुढे उभं राहायचं आणि गप्प बसायचं. एकोणीस महिन्यांनी, १९५७च्या सुरुवातीला, ते सुटले. पुढच्याच वर्षी गया जिल्ह्यातल्या शेरघाटीला लोहियांच्या समाजवादी पक्षाचे अध्यक्ष झाले. छत्तीस वर्षांचे. गोव्याच्या तुरुंगातली त्यांची रोजनिशी छापून आली ती त्यांच्या मृत्यूनंतर.

आमच्या घरातलं भांडण मात्र वेगळं होतं आणि ते १९७९चं होतं.

त्याच्या आधी आणीबाणी. जुलै १९७५पासून लिमये मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय कैदेत ठेवण्याच्या कायद्याखाली, मध्य प्रदेशातल्या तुरुंगांत. १९७६च्या मार्चमध्ये लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपत होती. सरकारनं ती एका वर्षानं वाढवून घेतली. तुरुंगातून लिमयांनी राजीनामा पाठवला. मला लोकांनी अमुक मुदतीपर्यंत पाठवलं होतं, त्यापुढे मी खासदार नाही, हा त्याचा मथितार्थ. तरुण शरद यादव यांनीही तसाच दिला. विरोधी पक्षातले बाकीचे जागेवर राहिले. याबाबतीत माझे वडील आणि शेजारचे काका यांचं एकमत होतं. काका संघाचे. एरवी दोघं कॅरम खेळताना सुद्धा राजकारणावरून सोंगट्या उधळायचे. १९७७च्या निवडणुकीत मात्र दोघांनी एका चुन्याच्या बादलीतून एकाच भिंतीवर जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी रंगवला. काकांचं चित्र बिघडलं, नांगर कुठला आणि माणूस कुठला ते कळेना. वडिलांनी ते नीट केलं. ती भिंत बरीच वर्षं तशीच होती.

जनता पक्षाचं सरकार आलं. लिमये मंत्री झाले नाहीत, पक्षाचे सरचिटणीस झाले. दोन वर्षांत त्यांनी एक प्रश्न लावून धरला: जनसंघ पक्षात विलीन झाला असेल, तर त्याचे लोक राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचेही सदस्य कसे राहू शकतात? पुन्हा नियमच. पक्षाच्या सदस्याची निष्ठा एकच असली पाहिजे. दुहेरी सदस्यत्वाचा वाद. जुलै १९७९मध्ये मोरारजी देसाईंचं सरकार गेलं, चरणसिंह आले, ते लोकसभेला सामोरे न जाताच गेले, आणि १९८०मध्ये इंदिरा गांधी परत आल्या. चरणसिंहांची महत्त्वाकांक्षा, राजनारायण, जगजीवनराम, कारणं हवी तितकी आहेत. पण काकांनी कारण एकच धरलं. "तुमच्या लिमयांनी पाडलं."

वडील म्हणाले, "प्रश्न बरोबर होता."

"प्रश्न बरोबर असेल. वेळ?"

वडिलांकडे त्याला उत्तर नव्हतं. काही महिने कॅरम बंद होता. पुढे सुरू झाला, पण लिमयांचं नाव कुणी काढायचं नाही असा अलिखित करार झाला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला दोघंही म्हातारे आणि हास्यास्पद वाटत. आज मी त्यांच्यापेक्षा मोठी आहे. माझं मत विचाराल तर ते मला अजून दोन्ही बाजूंनी टोचतं. प्रश्न बरोबर होता. पुढच्या चाळीस वर्षांत तो किती खोल होता ते दिसलंच. पण सभागृहात नियमावर बोट ठेवलं तर वर अध्यक्ष असतो, तो निर्णय देतो, आणि हरलात तरी उद्या अकरा वाजता सभागृह पुन्हा भरतं. पक्षात वर कुणी नसतं. तिथं बोट ठेवलं की भेग पडते, आणि भेगेचा निकाल कुणी लावत नाही. जे हत्यार लिमयांनी लोकसभेत इतक्या नजाकतीनं चालवलं तेच घरात चालवल्यावर घर उरलं नाही, असं मला वाटतं. त्यांनी स्वतः या प्रयोगाबद्दल नंतर शेकडो पानं लिहिली, तीही तारखा आणि कागदपत्रांसकट.

१९८०मध्ये ते बांकाहून हरले. १९८२मध्ये सक्रिय राजकारणातून बाहेर पडले आणि दिल्लीत लिहीत बसले, इंग्रजी, हिंदी, मराठी. माजी खासदाराचं निवृत्तिवेतन घेतलं नाही, स्वातंत्र्यसैनिकाचंही नाही. गाडी नाही. याच्या आठवणी लोक भक्तिभावानं सांगतात आणि मला दर वेळी पत्नी चंपाताई आठवतात. त्या प्राध्यापिका होत्या. १९५२ला लग्न, आणि तीनच वर्षांनी नवरा बारा वर्षांच्या शिक्षेवर गोव्यात. निवृत्तिवेतन नाकारणाऱ्या माणसाच्या घरात कुणीतरी पगार आणत असतं, एवढंच मी म्हणेन. ८ जानेवारी १९९५ला लिमये गेले. वडिलांनी त्या दिवशी बिस्किटांचा डबा काढला, पावत्या मोजल्या आणि परत ठेवला. काका संध्याकाळी आले. कॅरमला पावडर लावली, एक डाव खेळले आणि गेले.

"मावशी, तिसरी केस राहिली," भाची म्हणाली. तिचं जेवण कधीच संपलं होतं.

तिसरी १९७७ची. तिच्यात लिमये आरोपी आहेत. सप्टेंबर १९७४मध्ये दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन त्यांनी महाराष्ट्राचे तेव्हाचे कायदामंत्री अंतुले यांच्यावर आरोप केले, त्यावरून मुंबईत बदनामीचा खटला. तो रद्द करायला ते उच्च न्यायालयात गेले, तर उत्तर आलं की हा अंतरिम आदेश, त्यावर पुनरीक्षण, म्हणजे वरच्या न्यायालयाकडून फेरतपासणी, चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यातली ती अडवणूक उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराचे हात बांधू शकत नाही. निकाल ऑक्टोबर १९७७चा, तोवर लिमये सत्ताधारी पक्षाचे सरचिटणीस झाले होते. आज देशात कुणीही खोटा खटला रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात गेला की त्याचा वकील हे नाव घेतो. घेणाऱ्यांत अशांचेही वकील असतील, ज्यांना लिमयांनी सभागृहात सोलून काढलं असतं.

"आणि आता तर सगळे नंबर बदललेत," ती वैतागून म्हणाली. "२०२४पासून नवी संहिता. जमावबंदीचं १४४ झालं १६३, अंगभूत अधिकारांचं ४८२ झालं ५२८. आम्ही दोन्ही पाठ करायचे. केसचं नाव तेवढं तेच."

पेपर झाल्यावर तिचा परत फोन आला, रिक्षातून.

"आले का तुझे लिमये?"

"आले. पण ती १९७०ची आली, जमावबंदीची. सात न्यायाधीशांची."

ती केस लिमये हरले होते. जमावबंदीचं कलमच घटनाविरोधी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं कलम वैध ठरवलं. ते अजून आहे, नव्या नंबरानं.

"मग काय लिहिलंस?"

"कलम वैध, काय लिहिणार? सात मार्कांचं होतं." रिक्षावाल्याला तिनं डावीकडे वळायला सांगितलं. "वेळ उरला होता, म्हणून खाली ते लखीसरायचं पण लिहिलं. स्टेशनावरून पत्र लिहिलं ते. विचारलं नव्हतं."

"मार्क मिळतील?"

"छे," ती म्हणाली.